नवमीच्या चौकोनातली गोचीड

गंगुबाईला राग यायला कारण लागत नाही, असं टिटवाळ्यात तिच्या आजूबाजूचे लोक म्हणत. हे साफ खोटं होतं. कारण दर वेळी असे. ते तिळाएवढं असे, आठ पायांचं असे आणि गवताच्या पात्याच्या टोकाला पुढचे दोन पाय हवेत पसरून बसलेलं असे, म्हणून लोकांना दिसत नसे, एवढंच. लोकांना दिसे ती फक्त कमरेवर हात ठेवून ओरडणारी बाई.

गोचीड. गुरांच्या कानात, कुत्र्याच्या मानेवर आपण सगळेच ती बघतो, नाक मुरडतो आणि पुढे जातो. ती माणसालाही चावते, आणि चावताना दुखत नाही म्हणून माणसाला पत्ताही लागत नाही. गंगुबाईचा नवरा तानाजी गोचिडीच्याच तापाने गेला. संगमेश्वराकडच्या गावी, कार्तिकातली गवतकापणी झाल्यावर बाराव्या दिवशी. वय बेचाळीस. "आधी कळलं असतं तर साध्या गोळ्यांनी उठला असता," असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा गंगुबाई एक अक्षर बोलली नव्हती. जे बोलायचं ते ती पुढची एकोणीस वर्षं समोर येईल त्याला बोलत राहिली.

तानाजी गेल्यावर महिन्याभराने गावात एक आरोग्यसेविका आली आणि शाळेच्या पडवीत बायकांना बसवून गोचिडीपासून कसं जपायचं ते सांगून गेली. बाकीच्या बायका चहा येईपर्यंत बसल्या. गंगुबाई पहिल्या रांगेत बसून ऐकत होती आणि आतल्या आत जळत होती. त्या बाईने सांगितलेलं सगळं तिने असं पाठ केलं, जसं कोणी आरती पाठ करतं. मग मुलीला घेऊन ती टिटवाळ्याला आली, एका मालकांच्या वाडीवर राखणदार म्हणून राहिली. मुलगी लग्न होऊन कळव्याला गेली, म्हातारे मालक गेले आणि वाडी त्यांच्या मुलाकडे, गुरुदत्तकडे आली. गुरुदत्त नौपाड्यात राहणारा, बोलायला गोड. त्याने दोन खोल्या बांधल्या, एक झोपाळा टांगला, गेटावर 'फार्महाऊस'ची पाटी लावली आणि वाडी दिवसाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. गंगुबाई पाटीच्या आत राखणदार होती तशीच राहिली.

तिचं काम करणं बघण्यासारखं होतं. सकाळी गवतात शिरायच्या आधी तानाजीचा पांढरा फुलबाह्यांचा शर्ट, मुलीची जुनी फिकी पँट, आणि पँटच्या कडा पांढऱ्या पायमोज्यांत खोचलेल्या. "आली बघ, क्रिकेटची टीम आली," असं शेजारच्या तबेल्यातला भय्या रोज म्हणायचा आणि रोज शिव्या खायचा. पांढऱ्यावर काळा ठिपका चालताना दिसतो, ही एवढी साधी गोष्ट होती, पण ती एकोणीस वर्षांत त्याच्या डोक्यात शिरली नाही. कपड्यांना आणि मनगटांना ती डास पळवायचं मलम चोळायची. पायवाटेच्या मधोमध चालायची, कडेच्या गवताला अंग घासू द्यायची नाही. अंगणातला पातेरा रोज झाडून लांबच्या खड्ड्यात टाकायची. अंगण आणि गवत यांच्यामध्ये तिने तीन पावलं रुंद मुरमाचा पट्टा घातला होता, कारण कोरडा, तापलेला मुरूम ओलांडून यायला गोचीड कचरते. काम संपलं की आंघोळ, कपडे थेट उकळत्या पाण्यात, आणि मग दाराला कडी लावून हातातल्या आरशात कानामागे, काखेत, बेंबीत, गुडघ्यामागे, कमरेला नाडीच्या रेषेत तपासणी. वाडीवरचा कुत्रा मोती हाही रोज तपासला जाई आणि तोही आता सवयीने कान वर करून उभा राही. माणसांपेक्षा मोतीला लवकर कळलं, असं ती म्हणे.

माणसांचा तर विषयच नको. शनिवार-रविवारी कल्याण-डोंबिवलीकडून पोरंपोरी यायची, अर्ध्या चड्ड्या घालून, आणि गवतात लोळून फोटो काढायची. "अरे, उठा तिथनं, गोचिडी हायत," असं गंगुबाई ओरडली की एखादा म्हणायचा, "मावशी, चिल मारा ना." मावशीने आयुष्यात कधी चिल मारली नव्हती. ती हातात केरसुणी घेऊन गवताच्या कडेला उभी राही आणि ती पोरं उठेपर्यंत हलत नसे. मग गुरुदत्तचा फोन येई. "गंगुबाई, गेस्ट आहेत ते. प्रेमाने बोलायचं." प्रेमाने बोलून कोणी ऐकलंय का आजवर, असं ती फोन ठेवल्यावर मोतीला विचारी.

अशा बाईच्या ताब्यातल्या वाडीवर दर वर्षी कार्तिकात नौपाड्यातल्या एका महिला मंडळाचं आवळीभोजन असे. वाडीच्या टोकाला जुना, डेरेदार आवळा होता. त्याच्या बुंध्याला दूध-पाणी घालायचं, सूत गुंडाळायचं, प्रदक्षिणा घालायच्या आणि त्याच्याच सावलीत पानं मांडून जेवायचं. गंगुबाईला या व्रताबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तिच्या आईनेही केलं होतं. तिला म्हणायचं होतं ते त्या झाडाखालच्या गवताबद्दल. तबेल्याच्या म्हशी कुंपणाच्या भगदाडातून येऊन दुपारभर नेमक्या त्याच सावलीत बसत. दसरा झाला की ती तिथलं गवत मुळापासून कापून मुरूम टाकायची. यंदा गुरुदत्तने अडवलं. "तेवढं गवत राहू दे. फोटोत छान दिसतं. नॅचरल वाटतं." गंगुबाईने त्याला समजावलं, मग ओरडून समजावलं. "वाडी माझी आहे ना?" असं तो हसत म्हणाला. वाडी त्याची होती. गवत राहिलं.

नवमीला मंडळाच्या चौदा बायका आल्या. पुढे सुमेधाताई, मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. उभं आयुष्य शाळा चालवलेल्या माणसाला दुसऱ्याने काही शिकवलेलं चालत नाही, तसं त्यांचं होतं. बरोबर त्यांची नवी सून ऋजुता. लग्नानंतरचं पहिलं आवळीभोजन म्हणून तिला भरजरी साडी नेसवून, हट्टाने आणलेली. हट्टाने म्हणायचं कारण असं, की ऋजुताला दिवाळीच्या आधी कावीळ झाली होती, नुकती कुठे ती हिंडूफिरू लागली होती, आणि तिच्या आईने, देवयानीताईंनी, फोन करून बजावलं होतं की यंदा तिला रानात नेऊ नका. सुमेधाताईंनी विहीणबाईंना सांगितलं होतं, "पहिलं वर्ष आहे, चुकवायचं नसतं. माझी जबाबदारी."

"बायांनो, पानं अंगणात मांडा," गंगुबाई गेटातच म्हणाली. "मी शेणानं सारवून ठेवलंय. झाडाला नमस्कार करा नि इकडं या. आणि पायातलं काढू नका."

"अहो गंगुबाई, अंगणात बसायचं तर आम्ही घरीच जेवलो असतो," सुमेधाताई हसून म्हणाल्या. "झाडाखालीच बसायचं असतं. आणि चपला घालून प्रदक्षिणा? पंधरा वर्षं येतोय आम्ही."

"पंधरा वर्षं गवत कापलेलं असायचं. आवंदा नाय कापलेलं."

"बरं बरं. बघू आम्ही."

बघितलं कोणीच नाही. चौदा बायका अनवाणी, गुडघाभर गवतातून आवळ्याभोवती फिरल्या, साड्यांचे काठ गवतावरून घासत. सतरंज्या म्हशींच्या बसायच्या जागेवर अंथरल्या गेल्या. गंगुबाई मुरमाच्या पट्ट्याच्या अलीकडे उभी राहून बघत होती आणि तिचा नुसता जळफळाट होत होता. सांगून झालं होतं, आता ओढून आणता येत नव्हतं. म्हशीला काठी दाखवता येते. मुख्याध्यापिकेला काय दाखवणार?

जेवणं झाल्यावर नळावर हात धुताना ऋजुताने साडी जरा वर धरली आणि म्हणाली, "आई, इथे काहीतरी लागतंय हाताला." गुडघ्याच्या मागे, मसुराएवढं, करडं. कोणी म्हणालं तीळ आहे, कोणी म्हणालं काटा आहे. रसिका नावाची त्यातल्या त्यात तरुण बाई वाकून म्हणाली, "अगं, पाय हलताहेत त्याचे." मग एकच गडबड उडाली. एकीने पानाच्या डब्यातला चुना काढला. "चुना नको, चटका द्या, लगेच सोडते," असं म्हणत सुमेधाताईंनी पूजेच्या ताटातली पेटती उदबत्ती उचलली आणि सुनेच्या गुडघ्यामागे नेली.

गंगुबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खरकटं भरत होती. ती कशी धावली ते कोणी बघितलं नाही, पण तिने सुमेधाताईंचं मनगट पकडलं ते सगळ्यांनी बघितलं.

"टाका ती खाली. चटका दिला की पोटातलं सगळं हिच्या रक्तात ओकेल ती. टाका म्हणते ना."

उदबत्ती पडली. सुमेधाताईंचं मनगट आजवर असं कोणी धरलं नसावं. गंगुबाईने कमरेच्या पिशवीतून काटा काढायचा बारीक टोकाचा चिमटा काढला, गोचिडीला अगदी कातडीला लागून धरलं, आणि पिरगळा न देता, झटका न देता, सावकाश सरळ वर ओढलं. तोंडासकट आली. जागा साबणाने धुतली, स्पिरिट लावलं. गोचीड बोटांत चिरडली नाही. खोलीत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर, नवमीच्या चौकोनात, चिकटपट्टीखाली चिकटवून ठेवली. ही तिची रीत होती. कोणाच्या अंगावरची, कधीची, ते दिसायला हवं. चौकोनात तिने पेन्सिलने 'सून' असं लिहिलं.

मग ती परत बाहेर आली आणि सुमेधाताईंकडे न बघता ऋजुताला म्हणाली, "पोरी, एक दिसली म्हणजे एकच असंल असं नाय. घरी गेल्या गेल्या आंघोळ कर, सगळं अंग आरशात बघ. परकराच्या नाडीखाली बघ, तिथं जास्त बसतात. कपडे गरम पाण्यात टाक. आणि पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला आधी हे सांग, मग नाव सांग."

ऋजुताने मान हलवली. घरी जायला पावणेआठ वाजले, दमलेली ऋजुता आंघोळ न करताच तोंड धुऊन झोपली. दुसऱ्या दिवशी गुरुदत्तचा फोन आला, या वेळी आवाजात गोडवा नव्हता. "गंगुबाई, तुम्ही गेस्टच्या अंगाला हात लावलात? सुमेधाताईंना किती वाईट वाटलंय, माहितेय? ही लास्ट वॉर्निंग. आता परत त्यांच्या वाटेला गेलात तर मला दुसरी बाई बघावी लागेल." गंगुबाई अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिला या खोलीखेरीज दुसरी खोली नव्हती. ती "बरं" म्हणाली. तो एक "बरं" तिला चार दिवस टोचत राहिला.

दहाव्या दिवशी रसिकाचा फोन आला. तिला मोरावळ्यासाठी आवळे हवे होते. आवळ्यांचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "आणि अहो, ती ऋजुता ॲडमिट आहे. चार दिवस झाले. ताप उतरतच नाही. डेंग्यू म्हणत होते, पण रिपोर्ट निगेटिव्ह आलेत. काल तर बरळायला लागली होती म्हणे."

"डॉक्टरला गोचिडीचं सांगितलं का?"

"सांगितलं असेल की. सुमेधाताईच असतात तिथे. तिचा नवरा अनिमेष हैदराबादला आहे ना, तो आज रात्री पोचतोय."

"असेल की म्हणजे? सांगितलं का नाय?"

रसिकाला माहीत नव्हतं. गंगुबाईने तिच्याकडून नौपाड्यातल्या त्या दवाखान्याचा पत्ता घेतला. सुमेधाताईंना फोन लावला, त्यांनी कापला. परत लावला, परत कापला. मग गंगुबाईने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि नोव्हेंबरचं पान टरकन फाडलं. गुरुदत्तचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. गेट बंद करताना नीट आठवलं. तिने शिवी दिली आणि कुलूप लावलं.

दुपारी दीडला ती दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर होती. दारावरचा माणूस म्हणाला, भेटायची वेळ पाचला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, नातेवाईक आहात का? "नातेवाईक असती तर गप बसली असती," असं म्हणून गंगुबाई तिच्या पुढ्यातून सरळ आत गेली.

आत बाकावर सुमेधाताई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी डोळे सुजलेल्या एक बाई. ऋजुताची आई असणार, हे चेहऱ्यावरूनच कळत होतं. गंगुबाईला बघून सुमेधाताई ताडकन उठल्या, तिला दंडाला धरून खिडकीकडे घेऊन गेल्या.

"तुम्ही इथे कशाला आलात?"

"गोचिडीचं सांगितलं का डॉक्टरला?"

"हळू बोला. इथे नको. नंतर बोलू आपण."

"नंतर म्हंजे कधी?"

सुमेधाताईंनी मागे वळून बाकावरच्या देवयानीताईंकडे बघितलं. निमिषभरच बघितलं. पण ते बघणं गंगुबाईने ओळखलं. तिला एकदम सगळं समजलं आणि राग डोक्यात गेला. डॉक्टरांनी विचारलं होतं. बाहेर कुठे गेला होता का, झाडीत, गवतात? काही चावलं होतं का? ऋजुता तापाच्या ग्लानीत होती, शेजारी विहीणबाई उभ्या होत्या, आणि 'माझी जबाबदारी' म्हणणाऱ्या सासूने "नाही हो, अंगणातच जेवलो आम्ही, काही चावलं नाही" असं सांगून टाकलं होतं.

तिने दंड सोडवला. समोरच्या खोलीतून एक तरुण डॉक्टर बाहेर येत होते. गंगुबाई त्यांच्या आडवी उभी राहिली आणि कॅलेंडरचं पान त्यांच्या छातीसमोर धरलं.

"ही गोचीड. नवमीला मी माझ्या हातानं तिच्या गुडघ्यामागून काढली. हा बघा तारखेचा चौकोन. सगळ्या अनवाणी गवतात फिरल्या, म्हशीच्या जागेवर जेवल्या. अजून एखादी असंल अंगावर, नाडीखाली बघा. डासाचा ताप नाय हा."

आवाज सगळ्या मजल्यावर गेला. दारावरचा माणूस धावत आला. डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवलं आणि पान हातात घेतलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी चिकटपट्टीखालचा तो करडा दाणा बघितला, तारीख बघितली, आणि सिस्टरला घेऊन आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले. कमरेला, परकराच्या नाडीच्या बरोबर खाली, काळी पडलेली खपली होती, भोवती लाल कडं. चार दिवसांत ती कोणी बघितली नव्हती, कारण बघायचं कोणाला सुचलंच नव्हतं. तळहातांवर आणि तळपायांवर बारीक लाल ठिपके आले होते, ते डेंग्यूच्या नावावर खपून गेले होते.

"औषध बदलतोय, लगेच सुरू करतोय," डॉक्टर म्हणाले. मग ते सुमेधाताईंकडे वळले. "मॅडम, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

सुमेधाताई भिंतीकडे बघत होत्या. देवयानीताईंनी विहिणीकडे बघितलं, मग गंगुबाईकडे, मग पुन्हा विहिणीकडे. त्या ओरडल्या नाहीत. "तुम्ही माझ्यासमोर नाही म्हणालात," एवढंच म्हणाल्या आणि मुलीजवळ जाऊन बसल्या.

गंगुबाई तिथून निघाली तेव्हाही तिचा राग उतरला नव्हता. जिन्यात तिने गुरुदत्तला स्वतःहून फोन लावला. "मी नौपाड्यात हाय. सुमेधाताईंच्या वाटेला गेलेली. तुमचा नॅचरल लुक एका पोरीच्या कमरेला चावलाय, ती इथं पडलीय. दुसरी बाई बघायची तर बघा, पण आधी मी ते गवत कापणार." आणि तिने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिने झाडाखालचं गवत मुळापासून कापलं, कुंपणाचं भगदाड काट्यांनी बुजवलं आणि दोन दिवस मुरमाच्या पाट्या वाहिल्या. कोणी अडवायला आलं नाही.

ऋजुताचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. आठवड्याने सुमेधाताई टिटवाळ्याला आल्या. एकट्याच, रिक्षाने. हातात साडीची पिशवी, आणि पायांत, सँडलच्या आत, पांढरेशुभ्र पायमोजे. गंगुबाईने ते बघितले, पण हसली नाही. अंगणात खुर्ची ठेवली, पाण्याचा तांब्या आणून दिला.

"ऋजुता घरी आली. काल वरणभात जेवली," सुमेधाताई म्हणाल्या.

"बरं झालं."

"गुरुदत्तशी मी बोलले आहे. तुमच्याबद्दल मी जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं, असं सांगितलं. देवयानीताईंची मी पाय धरून माफी मागितली. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं." त्यांनी पिशवी पुढे केली. "एवढी घ्या."

"साडी नको. माझं कॅलेंडरचं पान राहिलंय डॉक्टरकडं, ते तेवढं आणून द्या."

सुमेधाताईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी मी नुसतं 'नंतर बोलू' म्हटलं. डॉक्टरांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, हे तुम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. मग कळलं कसं?"

गंगुबाई आवळे निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"आमच्या गावी डोंगराच्या गवतावरनं चुलतदिराशी केस चालू होती," ती म्हणाली. "वकिलानं सांगितलेलं, केस संपेस्तोवर कोणी डोंगरावर पाय ठेवायचा नाय. आमचा माणूस पहाटे गुपचूप गेला नि दोन भारे कापून आणले. त्याच्या काखेत गोचीड लागलेली. मीच रॉकेल लावून काढली, चुलीत टाकली. पुढं ताप भरला. तालुक्याला कोणाच्या गाडीनं न्यायचा? चुलतदिरानंच त्याच्या टेम्पोतनं नेला. वाईट माणूस नव्हता तो. खाटेच्या डोक्याशी उभा राहिला. डॉक्टरनं मला विचारलं, रानात गेलेला का, काय चावलेलं का. मी चुलतदिराकडं बघितलं."

सुमेधाताईंनी तांब्या खाली ठेवला.

"आणि बोलली, नाय. दोन भाऱ्यांसाठी बोलली मी. तुमी बघितलंत ना विहिणीकडं, तस्संच बघितलेलं."

मोती येऊन गंगुबाईच्या पायाशी बसला. तिने सवयीने त्याचा कान उलटा करून बघितला आणि सोडला. सुमेधाताई पुढे झुकल्या, तिचा हात धरावा की नाही हे त्यांना कळेना. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणून तुम्ही माझ्यावर इतक्या चिडलात."

"तुमच्यावर नाय ओ," गंगुबाई म्हणाली. "तुमच्यावर असता तर तुमची सून घरी आली त्या दिवशी गेला असता राग."